जुन्या स्पेस ऑपेरा कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने कशा वाचाव्यात

मराठी वाचकाची विज्ञानकथेशी पहिली ओळख बहुधा डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखनातून होते. १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हापासून मराठीत जी वाट रुळली, तिच्यात विज्ञान हा कथेचा पाया मानला जातो आणि पाया कच्चा असेल तर कथा उभी राहू नये, अशी वाचकाची अपेक्षा असते. ही शिस्त चांगलीच आहे. परंतु तीच फूटपट्टी घेऊन १९२८ ते १९६५ या काळातील अमेरिकी स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातील भव्य साहसकथा, मोजायला बसले, तर पहिल्या दोन प्रकरणांतच पुस्तक मिटावे लागते. त्या कादंबऱ्यांतील नायक प्रकाशाचा वेग सहज ओलांडतात, मंगळावर मोकळ्या हवेत श्वास घेतात आणि ताऱ्यांमधले अंतर कापण्याचे गणित स्लाइड रूल या आकडेमोडीच्या सरकपट्टीवर सोडवतात.

या पुस्तकांसाठी लागणारे माप सीमाभागातील वाचकाला परके नाही. खानापूर तालुक्यातील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी शिवकाळाच्या पार्श्वभूमीवर ‘मोचनगड’ लिहिली. ती ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून हप्त्याहप्त्याने आली, १८७१ साली पुस्तकरूपाने निघाली आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाते. गड, कैद, निष्ठा आणि ऐन वेळी होणारी सुटका यांवर चालणारे हे कथन वाचताना तटाची उंची कोणी मोजत बसत नाही. स्पेस ऑपेरा ही याच जातीची साहसकथा आहे. गडाच्या जागी ग्रह आला आणि घोड्याच्या जागी यान आले, एवढाच फरक. तीही मासिकांतून ‘क्रमशः’ छापली गेली. आज ती कंटाळवाणी वाटण्याचे मोठे कारण, माझ्या मते, विज्ञान जुने झाले हे नसून आपण ती चुकीच्या वेगाने वाचतो हे आहे. महिन्याकाठी एक हप्ता अशा हिशेबाने लिहिलेला मजकूर दोन रात्रींत संपवला, तर त्यातील प्रत्येक गुण दोषासारखा दिसू लागतो. खालील पायऱ्या मुख्यतः हा वेग परत कसा आणावा यासाठी आहेत.

पहिली पायरी: आरंभाचे पुस्तक नीट निवडणे

सर्वांत जुने पुस्तक आधी वाचावे, किंवा मालिकेतील मुखपृष्ठावर ‘१’ छापलेले पुस्तक आधी वाचावे, हे दोन्ही नियम येथे फसवतात. ई. ई. स्मिथ यांची ‘लेन्समन’ मालिका हे याचे ठळक उदाहरण आहे. तिचा पहिला खंड म्हणून ‘ट्रायप्लॅनेटरी’ दाखवला जातो. प्रत्यक्षात ती १९३४ साली ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये आलेली स्वतंत्र कादंबरी होती. १९४८ च्या पुस्तकासाठी स्मिथ यांनी तिला नवा पूर्वार्ध जोडला आणि विश्वाच्या पडद्याआड झगडणाऱ्या दोन प्राचीन शक्तींचे गुपित आरंभीच सांगून टाकले. मूळ वाचकाला हे गुपित १९३७ पासून १९४८ पर्यंत, चार कादंबऱ्यांतून हळूहळू उलगडले होते. म्हणून या मालिकेचा आरंभ ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ने करावा, त्यानंतर ‘ग्रे लेन्समन’, ‘सेकंड स्टेज लेन्समेन’ आणि ‘चिल्ड्रेन ऑफ द लेन्स’ या क्रमाने जावे. १९५० ची ‘फर्स्ट लेन्समन’ ही दुवा जोडण्यासाठी नंतर लिहिलेली आहे. मालिका मनापासून आवडली तरच ती घ्यावी.

तरीही अगदी पहिले पुस्तक स्मिथ यांचे नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐतिहासिक कादंबरीवर वाढलेल्या मराठी वाचकाने एडमंड हॅमिल्टन यांच्या १९४७ सालच्या ‘द स्टार किंग्ज’ने सुरुवात करावी. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला, न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारा जॉन गॉर्डन आणि दोन लाख वर्षांनंतरच्या साम्राज्यातील राजपुत्र झार्थ आर्न यांच्या मनांची अदलाबदल होते, आणि गॉर्डनला परक्या देहात, परक्या दरबारात, राजपुत्राचे सोंग वठवावे लागते. परकायाप्रवेशाच्या कथा ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला येथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. पुस्तक आटोपशीर आहे, दरबारी कारस्थान वेगवान आहे आणि विज्ञानाचे ओझे जवळजवळ नाही.

मित्रांचे टोळके आणि थोडा विनोद हवा असल्यास जॅक विल्यमसन यांची ‘द लीजन ऑफ स्पेस’ (१९३४) घ्यावी. तिच्यातील जाइल्स हबिबुला हा म्हातारा, खादाड, सतत कण्हणारा कुलूपतोड्या शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफवरून बेतलेला आहे आणि त्याच्या तोंडची रड काही पाने गोड वाटते, पुढे मात्र ताणली जाते. राजकारण आणि वाद आवडणाऱ्याने आयझॅक अ‍ॅसिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ निवडावी. तिच्यात लढाया बहुतेक पडद्यामागे होतात आणि रंगमंचावर संवाद असतात. साम्राज्याच्या काठावरचा, धातूंची खाण नसलेला टर्मिनस हा ग्रह आजूबाजूच्या चार बलाढ्य राज्यांना एकमेकांविरुद्ध तोलून कसा टिकतो, हे त्यातील १९४२ सालचे प्रकरण सीमाभागात राहणारा माणूस मुंबई-पुण्याच्या वाचकापेक्षा निराळ्या लक्षाने वाचील. ज्यांना जुन्या गद्याचा मुळीच धीर नाही, त्यांनी सरळ १९५० नंतरच्या पुस्तकांकडे जावे: जेम्स श्मिट्झ यांची मिस्कील ‘द विचेस ऑफ कॅरेस’ (१९६६), किंवा पाच खलनायकांचा माग काढणाऱ्या कर्थ गर्सनची जॅक व्हान्स यांनी १९६४ पासून लिहिलेली मालिका.

दुसरी पायरी: प्रत मिळवणे

बेळगावच्या दुकानांत ही पुस्तके क्वचितच दिसतात आणि जुन्या वाचनालयांच्या इंग्रजी कपाटात एखादे चुकून सापडते. तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा आधी प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे ई-पुस्तकांचे संकेतस्थळ पाहावे. तेथे स्मिथ यांच्या ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’, ‘स्कायलार्क थ्री’, ‘ट्रायप्लॅनेटरी’, एच. बीम पायपर यांची ‘स्पेस व्हायकिंग’ आणि एडगर राइस बरोज यांची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ही पुस्तके विनामूल्य मिळतात. तेथील ‘ट्रायप्लॅनेटरी’ ही १९३४ ची मासिकातील मूळ संहिता असल्यामुळे वर सांगितलेले गुपित तिच्यात फुटत नाही, हा अनपेक्षित लाभ.

मात्र तेथील पुस्तके अमेरिकेच्या कायद्यानुसार मुक्त ठरलेली असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. बरोज १९५० साली, पायपर १९६४ साली आणि स्मिथ १९६५ साली निधन पावले, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या लेखनाची मुदत अनुक्रमे २०१०, २०२४ आणि २०२५ च्या अखेरीपर्यंतची ठरते. हॅमिल्टन आणि अ‍ॅसिमोव्ह यांची पुस्तके मात्र विकत घ्यावीत किंवा वाचनालयातून आणावीत.

तिसरी पायरी: पहिल्या पानावर साल लिहिणे

पुस्तक उघडताच पहिल्या पानावर पेन्सिलीने मूळ प्रकाशनाचे साल लिहावे. पुस्तकी आवृत्तीचे साल येथे उपयोगाचे नाही, मासिकात पहिला हप्ता कधी आला ते साल हवे. ‘फाउंडेशन’ पुस्तकरूपाने १९५१ साली आली, तरी तिचा बराचसा भाग १९४२ ते १९४४ या काळातील आहे आणि केवळ आरंभीचे प्रकरण पुस्तकासाठी नव्याने लिहिलेले आहे. ‘स्कायलार्क’ १९२८ साली छापली गेली, परंतु स्मिथ यांनी ती १९१५ मध्ये लिहायला घेऊन १९२० मध्ये पुरी केली होती आणि मधली वर्षे ती नाकारली जात राहिली.

साल लिहिल्यानंतर त्या वर्षी माणसाला काय ठाऊक होते, याची एक छोटी यादी जवळ ठेवावी. आपल्या आकाशगंगेबाहेरही तारकासंघ आहेत, हे एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून १९२५ च्या आरंभी जाहीर झाले; म्हणजे ‘स्कायलार्क’ लिहून झाली तेव्हा विश्व म्हणजे नक्की केवढे, हाच प्रश्न उघडा होता. प्लूटो १९३० साली सापडला. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये तयार झाला, म्हणून त्याआधीच्या कादंबऱ्यांत आंतरतारकीय आरमाराजवळसुद्धा निर्वात नळ्या आणि स्लाइड रूल असतात. शुक्राजवळून मरिनर-२ हे यान डिसेंबर १९६२ मध्ये गेले आणि तो ग्रह भट्टीसारखा तापलेला असल्याचे पक्के होत गेले. तोवर शुक्रावर दलदली, जंगले आणि समुद्र कल्पिणे ही थाप नव्हती, एक मान्य शक्यता होती. बुध सूर्याकडे सतत एकच बाजू ठेवतो, हा समज १९६५ साली रडारने मोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये मरिनर-४ ने मंगळाची अवघी २१ पूर्ण छायाचित्रे पाठवली आणि त्यांतील विवरांनी कालवे, राजवाडे, राजकन्या यांचा मंगळ एकदाच कायमचा पुसून टाकला. ली ब्रॅकेट यांची ‘द सोर्ड ऑफ ऱ्हायनन’ १९४९ साली मासिकात आली तेव्हा मंगळावर जुना समुद्र कल्पायला अजून जागा होती.

या यादीचा उपयोग चुका माफ करण्यासाठी करू नये. तिने इतकेच कळते की लेखकाने अज्ञानाने लिहिले, त्या काळच्या ज्ञानाला धरून लिहिले, की ज्ञान असूनही ते मुद्दाम बाजूला सारले. तिसरा प्रकार सर्वांत मजेचा आहे. ‘स्कायलार्क’मध्ये यानाचा वेग प्रकाशापेक्षा अधिक झाल्याचे लक्षात येते तेव्हा आइन्स्टाइनचा सिद्धांत हा शेवटी सिद्धांतच, अशा अर्थाचे बोलून नायक पुढे निघतो. लेखक स्वतः रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले होते आणि पोटासाठी डोनटच्या पिठाची मिश्रणे बनवण्याच्या धंद्यात होते; आपण काय उडवून लावतो आहोत, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

‘गॅलॅक्टिक पेट्रोल’पर्यंत त्यांची ही रीत पक्व झालेली दिसते. तेथे यानाचे जडत्व नाहीसे करणारे यंत्र आहे. हा भौतिकीचा एकच मोठा भंग आहे. पण तो एकदा केल्यावर लेखक त्याचे परिणाम काटेकोर पाळतो. जडत्व परत आणताच यान आपल्या मूळ वेगाने धावू लागते, त्यामुळे दुसऱ्या यानावर किंवा ग्रहावर उतरण्यापूर्वी दोघांचे मूळ वेग जुळवावे लागतात, आणि अनेक प्रसंगांतील ताण नेमका या जुळवणीतून निर्माण होतो. वाचताना वहीच्या एका पानावर ‘येथे कोणता नियम मोडला आहे आणि त्यानंतर कोणता नियम पाळला जातो’ एवढे दोन रकाने ठेवले, तर अशा कादंबऱ्यांतील भक्कम आणि पोकळ लगेच वेगळी पडतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री किंवा यंत्रशाळेत काम केलेल्या वाचकाला तर ‘स्कायलार्क’मधील एक धागा विशेष रुचेल. खलनायकांची पोलाद कंपनी नायकाच्या यानासाठी जाणूनबुजून सदोष पोलाद पुरवते, ते वेळीच ओळखले जाते, आणि नायक गाजावाजा न करता दुसरीकडे खरे यान बांधून घेतात. प्रकाशवेगाच्या थापेपेक्षा ही पोलादाची गोष्ट मला अधिक पटणारी वाटते.

चौथी पायरी: हप्ते पाडणे

आता मुख्य काम. ‘स्कायलार्क ऑफ स्पेस’ ऑगस्ट ते ऑक्टोबर १९२८ या तीन अंकांत आली. ‘ट्रायप्लॅनेटरी’ जानेवारी ते एप्रिल १९३४ अशी चार अंकांत, ‘द लीजन ऑफ स्पेस’ एप्रिल ते सप्टेंबर १९३४ अशी सहा अंकांत, ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ सप्टेंबर १९३७ ते फेब्रुवारी १९३८ अशी सहा अंकांत आणि ‘ग्रे लेन्समन’ ऑक्टोबर १९३९ ते जानेवारी १९४० अशी चार अंकांत प्रसिद्ध झाली. आपल्याला महिनाभर थांबण्याची गरज नाही, आठवडा पुरे. ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ची २४ प्रकरणे आहेत, चार-चार प्रकरणांचे सहा गट केले की सहा आठवड्यांचा कार्यक्रम तयार होतो. खानापूर-जांबोटी पट्ट्यात आषाढ-श्रावणात संध्याकाळी बाहेर पडणे तसेही होत नाही, त्या दिवसांत असा कार्यक्रम उत्तम जमतो. आठवड्यातील एक वार ठरवून घ्यावा आणि त्या वारी फक्त त्या आठवड्याचा गट वाचावा. पुढे काय झाले हे पाहण्याची ओढ लागली तरी पुस्तक बंद ठेवावे, कारण ती ओढ हाच या लेखनाचा खरा ऐवज आहे.

हप्ते पाडल्याने तीन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे पुनरुक्ती टोचत नाही. एकच यंत्र कसे चालते, एकच पात्र किती शूर आहे, हे पुन्हा पुन्हा सांगितले जाते, कारण वाचकाने मागचा अंक महिन्यापूर्वी वाचलेला असे किंवा तो त्याच्या हाती पडलेलाच नसे. दुसरी गोष्ट चढत्या प्रमाणाची. स्मिथ यांच्याकडे प्रत्येक शत्रूच्या मागे आणखी मोठा शत्रू निघतो, प्रत्येक किरणाला भेदणारा आणखी तीव्र किरण सापडतो आणि पुढे पुढे तर ग्रहच शस्त्र म्हणून वापरले जातात. सलग वाचताना ही चढण हास्यास्पद होते. आठवड्याच्या अंतराने वाचताना मात्र प्रत्येक पायरी नव्याने छाती दडपवते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: हप्त्याच्या शेवटी नायकाला संकटात लोंबकळत सोडल्यावर वाचक आपल्या मनाशी सुटकेचे मार्ग शोधू लागतो. पुढच्या आठवड्यात लेखकाने शोधलेला मार्ग आपल्यापेक्षा चतुर निघाला तर तो आनंद मोठा असतो, आणि आपलाच अधिक चतुर निघाला तर त्याहून मोठा.

मासिके प्रत्येक हप्त्याच्या आरंभी मागील कथाभाग देत असत. पुस्तकात तो नसतो. म्हणून वाचून झाल्यावर वहीत तीन-चार ओळींत तो स्वतः लिहावा. त्यात पात्रांची नावे आवर्जून घ्यावीत, कारण परग्रहवासीयांची नावे विसरणे हे पुस्तक अर्धवट सुटण्याचे दुसरे मोठे कारण आहे. ‘स्टार किंग्ज’सारखी एकाच अंकात आलेली कादंबरी या नियमाला अपवाद आहे. ती दोन-तीन बैठकांत सलग वाचावी. तिचा श्वास तसाच आहे.

पाचवी पायरी: इंग्रजीशी जुळवून घेणे

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि पुढे कामापुरते इंग्रजी वापरणाऱ्या वाचकाला या कादंबऱ्यांचे इंग्रजी आधी अवघड आणि मग अनावश्यक भडक वाटते. अवघडपणा बहुतांशी विशेषणांचा असतो. स्मिथ यांच्या युद्धवर्णनांत किरणांच्या झळाळीसाठी एकामागून एक मोठमोठी विशेषणे येतात आणि त्यांपैकी निम्म्यांचा अर्थ न कळल्याने काहीही बिघडत नाही. शब्दकोश बाजूला ठेवून तो परिच्छेद मोठ्याने वाचावा. संगीत नाटकात पात्र मरता मरता पद म्हणते तेव्हा प्रेक्षक घड्याळाकडे पाहत नाही, सुरांकडे कान देतो. या वर्णनांकडेही तसाच कान द्यावा. संवादांतील १९२०-३० च्या दशकातील अमेरिकी बोली मात्र खरोखर शिळी झाली आहे. नायक-नायिकांची प्रेमाची बोलणी तर वेगाने ओलांडावीत, त्यांत कथानक क्वचितच असते.

डोळ्यांना कंटाळा आला तर लिब्रिव्हॉक्सवर यांपैकी काही पुस्तकांचे स्वयंसेवकांनी केलेले ध्वनिमुद्रण मोफत आहे. लोंढ्याकडे किंवा मिरजेकडे नित्य रेल्वेने जाणाऱ्याला ते सोयीचे पडते.

एक गंमत येथे नोंदवण्यासारखी आहे. ‘स्कायलार्क’मधील ऑस्नोम ग्रहावर एका यंत्राद्वारे एकाच्या डोक्यातील भाषा दुसऱ्याच्या डोक्यात काही क्षणांत उतरवली जाते. घरी मराठी, बाजारात कानडी, महाविद्यालयात इंग्रजी आणि एसटी स्थानकावर तिन्हींची भेळ ऐकत वाढलेल्या बेळगावकराला या यंत्राचे विशेष नवल वाटू नये.

सहावी पायरी: काय ओलांडावे आणि कोठे थांबावे

जुने विज्ञान ओलांडता येते, जुनी माणुसकी तशी सहज ओलांडता येत नाही, आणि ओलांडू नये. ‘स्कायलार्क’मध्ये श्रीमंत संशोधक क्रेनचा जपानी सेवक शिरो हा केवळ विनोदाचा विषय आहे. ऑस्नोमवर गुलामगिरी आहे आणि नायक ती पाहुणचाराचा भाग म्हणून स्वीकारतात. ‘स्कायलार्क थ्री’ (१९३०) मध्ये फेनाक्रोन या आक्रमक जमातीचा संपूर्ण ग्रह नायक उडवून देतो आणि पुस्तक त्याला विजय म्हणते. ते १९३० साली लिहिले गेले, हे सांगून त्या प्रकरणाचा भार हलका होत नाही. अशा ठिकाणी हप्ता तेथेच थांबवावा आणि आपण आता कोणाच्या बाजूने वाचत आहोत, हे स्वतःला विचारावे. बरोज यांचा जॉन कार्टर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैन्यातील कप्तान आहे. मंगळावर पोचण्यापूर्वीच्या प्रकरणांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे चित्रण त्याच नजरेने झालेले आहे.

स्त्रियांच्या चित्रणाबाबत सरसकट निकाल देऊ नये, कारण येथे बराच फरक आहे. ‘स्कायलार्क’मधील डोरोथी बहुतेक वेळा पळवून नेण्यासाठी आणि सोडवून आणण्यासाठी असते, तरी त्या कादंबरीच्या प्रेमप्रसंगांसाठी स्मिथ यांनी ली हॉकिन्स गार्बी या लेखिकेची मदत घेतली होती आणि १९२८ च्या मासिकात तिचे नाव सहलेखिका म्हणून छापले गेले. ‘लेन्समन’मधील परिचारिका क्लॅरिसा पुढे स्वतः लेन्स, म्हणजे अंतराळ-रक्षकांना मनाने संवाद साधू देणारे साधन, धारण करते. ‘फाउंडेशन’च्या आरंभीच्या कथांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच, १९४५ च्या ‘द म्यूल’ या कथेत मात्र निर्णायक क्षण बेटा डॅरेलच्या वाट्याला येतो. ज्यांना हा अभाव खुपतो, त्यांनी सी. एल. मूर या लेखिकेची १९३३ मधील ‘शँब्लो’ ही कथा आणि वर उल्लेखिलेली ली ब्रॅकेट यांची कादंबरी मध्येच वाचावी. ब्रॅकेट या हॅमिल्टन यांच्या पत्नी, आणि गद्याच्या बाबतीत दोघांत त्या कितीतरी सरस.

अ‍ॅल्फ्रेड बेस्टर यांची ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ (१९५६) ही सूडकथा या सगळ्या परंपरेतील सर्वांत तेजस्वी कादंबरी असे मी म्हणेन, परंतु तिचा नायक एका स्त्रीवर बलात्कार करतो आणि पुस्तक तो प्रसंग फार घाईने मागे टाकते. ती शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

याउलट जे थांबून चाखावे असेही पुष्कळ आहे. ‘स्कायलार्क’चा खलनायक डॉ. डुकेन हा नायकापेक्षा अधिक जिवंत आहे. त्याच्याच कारस्थानाने यान भरकटून एका मृत ताऱ्याच्या ओढीत सापडते, नायक त्याला सोडवतो, आणि पृथ्वीवर परतेपर्यंत तुमच्यातील एक म्हणून वागेन असा शब्द देऊन तो तो पाळतो. शब्दाला जागणारा शत्रू मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला ओळखीचा आहे, आणि त्याच्यासाठी मी बाकी पुष्कळ सहन करायला तयार आहे. ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’मधील ड्रॅगनसारखा दिसणारा वॉर्सेल हा नायकाचा बरोबरीचा मित्र आहे, सेवक नाही. परका देह म्हणजे परके मन नव्हे, हे १९३७ साली एका साहसकथेत येणे थोडे नाही.

सातवी पायरी: मराठीत सांगून पाहणे

एक कादंबरी झाल्यावर तिच्यातील एक प्रकरण घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मित्रमंडळीत मराठीतून सांगावे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी येथील ग्रामीण साहित्य संमेलनांत कथाकथनाला जी गर्दी होते, ती पाहता आपल्याकडे ऐकणारे कमी नाहीत. सांगताना विशेषणे आपोआप गळतात, यंत्राचे वर्णन दोन वाक्यांवर येते आणि प्रसंगाचा सांगाडा उघडा पडतो. जे प्रकरण सांगताना ऐकणारा ‘मग?’ असे विचारतो, ते प्रकरण पक्के; जेथे तो जांभई देतो, तेथे लेखकाने नुसती झळाळी केली होती. वॉर्सेलची पहिली भेट सांगून पाहावी, ती सहसा फसत नाही. दोघे-तिघे वाचक मिळाल्यास प्रत्येकाने आळीपाळीने मागील कथाभाग सांगावा आणि मगच त्या आठवड्याची चर्चा करावी.

आठवी पायरी: पुढचे पुस्तक, आणि सोडून देण्याचा निर्णय

दोन हप्ते वाचूनही तिसऱ्याची ओढ वाटली नाही, तर पुस्तक निःसंकोच सोडावे. मात्र परंपरा सोडण्यापूर्वी एकदा दशक बदलून पाहावे. स्मिथ पचले नाहीत, तर पायपर यांची ‘स्पेस व्हायकिंग’ घ्यावी. तीही नोव्हेंबर १९६२ ते फेब्रुवारी १९६३ अशी चार हप्त्यांत आली होती. विवाहाच्या दिवशीच वधू मारली गेलेला लुकास ट्रास्क सूडासाठी लुटारू बनतो आणि लुटता लुटता त्याच्या हातून राज्य उभे राहते. राज्ये कशी उभी राहतात आणि कशी कुजतात, याविषयी पायपर यांची मते पटण्याजोगी नसली तरी वादाला उत्तम आहेत. १९६० च्या दशकातच सॅम्युएल डिलेनी यांनी ‘नोव्हा’ (१९६८) लिहून दाखवले की तेच यान, तोच सूड आणि तीच तारकांची शर्यत घेऊन भाषा मात्र काव्याच्या जवळ नेता येते.

विडंबने मात्र शेवटी ठेवावीत. हॅरी हॅरिसन यांची १९७३ सालची ‘स्टार स्मॅशर्स ऑफ द गॅलॅक्सी रेंजर्स’ ही स्मिथ यांच्या रीतीची यथेच्छ थट्टा आहे. ‘स्कायलार्क’च्या आरंभी नायक सीटनच्या प्रयोगशाळेतील तांब्याचे पात्र अचानक खिडकीतून आकाशात झेपावते आणि त्यातून आंतरतारकीय प्रवासाचा शोध लागतो, हॅरिसन यांच्या महाविद्यालयीन नायकांना तोच शोध चेडर चीजच्या तुकड्यामुळे लागतो. मूळ पात्र उडताना ज्याने पाहिले नाही, त्याला चीजचे हसू येणार नाही, म्हणून ‘स्कायलार्क’चे निदान तीन हप्ते पुरे होईपर्यंत हे पुस्तक कपाटातच राहू द्यावे.